नशेतून उठलेल्या बोलरला मैदानावर कधी घ्यायचं?

स्कोअरर_काका | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, एरवी मी इथे फक्त वाचतो. आज लिहितोय, थोडं लांबेल.

बडोद्यातल्या क्लब मॅचेसचं स्कोअरिंग मी छत्तीस वर्षं करतोय. बँकेतून निवृत्त झालो, स्कोअरबुकातून नाही. दांडिया बाजारात आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडात एक मुलगा वाढला. नाव सांगत नाही, बोलर म्हणू. आज वय २९. पंधरा वर्षांचा असताना त्याचा चेंडू टप्पा पडला की तंबूत मान खाली घालून लिहितानाही मला कळायचं कोण टाकतोय. तसा आवाज या गावात मी आणखी दोघांचाच ऐकलाय.

वयोगटातलं क्रिकेट झालं, राज्याच्या संभाव्य खेळाडूंत दोनदा नाव आलं, मग दोन उन्हाळे इंग्लंडमधल्या एका छोट्या क्लबाचा पगारी प्रो म्हणून गेला. तिथे क्लब म्हणजे बार. मॅच संपली की दोन्ही टीम तिथेच, आणि विकेट काढणाऱ्या प्रोला स्वतःच्या खिशात हात घालायची वेळच येत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात कमरेला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. परतला तो ट्रॅमाडॉलच्या गोळ्या घेऊन. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या, वर दारू. आणि गुजरातेत दारूबंदी आहे हे कृपया मला कोणी सांगू नका. बाटली दारात येते, दूधवाल्यापेक्षा वेळेवर.

चार वर्षं गेली त्यात. शेवटी मामाने पुण्याला नेलं, व्यसनमुक्ती केंद्रात पाच आठवडे राहिला. आज पाच महिने बारा दिवस झाले. हा हिशेब माझा नाही, त्याच्या आईच्या कालनिर्णयातला आहे. रोज रात्री ती माउली तारखेखाली एक बारीक टिंब देते.

हल्ली तो झिम्बाब्वेच्या ब्रेंडन टेलरची बुलावायोची टेस्ट इनिंग मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघतो. "काका, तो ३९ व्या वर्षी आला. मी तर २९ चा." पुढच्या महिन्यात आमच्या क्लबाची लेदर बॉलवरची ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धा आहे. कॅप्टन त्याला घ्यायला एका पायावर तयार. काल त्याची आई ओट्यावर येऊन म्हणाली, "भाऊजी, बोलवाल ना त्याला? मैदानावर आहे म्हटलं की मला दुपारची झोप लागायची."

नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला जीभ उचलत नाही. काय करू?


रावपुरा_एक्सप्रेस | रविवार, रात्री ११:०५

काका, यात विचार कसला करताय? बॉल द्या हातात! रिकामा बसला तर पुन्हा त्याच वाटेला लागेल. टेलर आठवा. २०१५ च्या वर्ल्डकपात ऑकलंडला आपल्याविरुद्ध १३८, त्या दिवशी रैना-धोनी उभे राहिले नसते तर आपलं काही खरं नव्हतं. तोच माणूस कोकेनपायी साडेतीन वर्षं बाहेर बसला आणि आला की नाही परत? दक्षिण आफ्रिकेचा रबाडा घ्या. २०२५ मध्ये नशेच्या टेस्टमध्ये सापडला, महिनाभर बाहेर, आणि जूनमध्ये लॉर्ड्सला टेस्ट चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये ९ विकेट. मैदानासारखं औषध नाही.


नियमावली | सोमवार, सकाळी ७:२०

एक्सप्रेस, गाडी जरा फलाटावर घ्या.

टेलरची साडेतीन वर्षं कोकेनची नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्पॉन्सरशिपचं बोलायला म्हणून त्याला भारतात बोलावलं. मेजवानीत कोकेन पुढे आलं, त्याने घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांनी त्याला त्याचाच व्हिडिओ दाखवला, फिक्सिंग कर म्हणून धमकावलं आणि १५,००० डॉलर हातात ठेवले. हे सगळं त्याने स्वतः जानेवारी २०२२ मध्ये जाहीर लिहिलं आणि उपचाराला गेला. फिक्सिंग केलं नाही म्हणतो, पण आयसीसीला कळवायला त्याने चार महिने लावले, आणि मुख्य शिक्षा त्या उशिराची. नशेची म्हणून झालेली बंदी एका महिन्याची, तीही त्याच मुदतीत धरली. म्हणजे नशेचं बिल महिन्याचं आणि नशेत जे गळ्यात पडलं त्याचं साडेतीन वर्षांचं.

रबाडाचं उदाहरण इथे लागूच नाही. एकदा टेस्टमध्ये सापडणं म्हणजे व्यसन नव्हे. कोकेन, हेरॉइन, गांजा वगैरेंसाठी २०२१ पासून वेगळा नियम आहे: स्पर्धेच्या काळाबाहेर घेतलं आणि खेळ सुधारण्याशी त्याचा संबंध नव्हता हे सिद्ध केलं तर तीन महिने, उपचार पुरा केला तर एक. काकांच्या बोलरचं दुखणं महिन्याभराचं नाही, चार वर्षांचं आहे.

आणि एक. बुलावायोला टेलरने ४४ केले. टीम १२५ आणि ११७ मध्ये गुंडाळली गेली, न्यूझीलंडने एक डाव आणि ३५९ धावांनी धुतलं. पोरगं मोबाइलवर इनिंग बघतं तेव्हा स्कोअरकार्ड खालपर्यंत बघतं का, विचारा त्याला.


स्कोअरर_काका | सोमवार, सकाळी ९:१०

विचारलं. नाही बघत.


डॉ_खारीशिंग | सोमवार, दुपारी २:३५

ओपीडी आटोपून लिहितोय. मी हाडांचा डॉक्टर, व्यसनांचा नाही, पण असे तीन-चार खेळाडू माझ्या टेबलापलीकडे बसून गेलेत.

काका, तुमच्या पोस्टमध्ये दारूवर सगळ्यांचं लक्ष गेलं, ट्रॅमाडॉलवर कोणाचंच नाही. ती साधी वेदनाशामक गोळी नव्हे. अफूच्या घराण्यातली आहे, २०१८ पासून आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. वाडाने (तुमचा दांडिया बाजारातला नव्हे, उत्तेजकविरोधी जागतिक संस्था) १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात तिच्यावर बंदी घातलीय. उलट दारू त्यांच्या यादीतून २०१८ लाच निघाली. म्हणजे मुलगा उद्या खरोखरच राज्याच्या टीमपर्यंत पोचला तर नाडाच्या (वाडासारखीच आपल्या देशातली संस्था) बाटलीत दारू त्याला अडकवणार नाही, पण 'जरा कंबर धरली' म्हणून कोणा मित्राने दिलेली एक गोळी अडकवेल. क्लब मॅचला कोणी लघवी तपासत नाही हे मान्य, पण कंबर क्लब मॅचमध्येही धरते.

काही रुग्णांना अफूवर्गीय ओढ कमी करायला ब्युप्रेनॉर्फिन देतात. उपचार चांगला, पण खेळात तेही स्पर्धेच्या काळात बंद. आधी रीतसर वैद्यकीय सूट मागावी लागते. नाल्ट्रेक्झोन चालतं, मात्र ते चालू असताना अफूवर्गीय वेदनाशामकं लागू पडत नाहीत, त्यामुळे अपघात झाला तर समोरच्या डॉक्टरला ते माहीत हवं. पाकिटात चिठ्ठी ठेवायला सांगा. हसू नका, एकाची ती चिठ्ठी कामाला आलेली आहे.

आणि कोणाच्या घरी असा माणूस असेल तर त्याची दारू एका झटक्यात घरच्या घरी तोडू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येते, भास होतात, माणूस जातोसुद्धा. जेवणात गुपचूप पावडर मिसळायचे प्रयोग तर अजिबात नकोत.

बोलिंगबद्दल: पाच महिने स्वच्छ राहिलेलं शरीर म्हणजे तयार शरीर नव्हे. चार वर्षं झोप, जेवण, स्नायू सगळ्यांची वाट लागलेली. त्याची फुप्फुसं महिन्यात येतील, पाठीचं हाड इतक्या लवकर येणार नाही. जुन्या फ्रॅक्चरच्या जागी पुन्हा दुखलं की पहिली आठवण कशाची येईल? गोळीचीच.


सदाशिवपेठी_जावई | सोमवार, संध्याकाळी ६:५०

विनोद कांबळीचा विषय कसा निघाला नाही अजून? १७ टेस्ट, ५४ ची सरासरी, लागोपाठ दोन द्विशतकं २२४ आणि २२७... आणि डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या दिवशी त्याला बघून आमच्या घरात कोणी बोलेना. मी तर म्हणतो की त्याला त्याच्या मित्रांनी...


धागापाल | सोमवार, संध्याकाळी ७:१५

कांबळींनी आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी जे उघडपणे सांगितलंय तेवढंच बोला. कोणी मदत केली आणि कोणी नाही याचा पंचनामा इथे नको. पाच प्रतिसाद उडवले आहेत.


एडिसनकर | सोमवार, संध्याकाळी ७:४०

न्यू जर्सीहून लिहितोय, मूळचा सलाटवाड्याचा. इथे आल्यावर बेसबॉल बघायला लागलो, त्यातलं एक सांगतो.

जॉश हॅमिल्टन. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (मोठे क्लब नवी पोरं निवडतात तो कार्यक्रम) देशात पहिला निवडला गेलेला पोरगा. मग कोकेन, दारू, बंदी, सगळं. २००७ मध्ये पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरला तेव्हा क्लबाने एक कोच त्याच्यासोबत बांधूनच दिला. दौऱ्यात जेवणाखाणाचे रोख पैसे त्या कोचच्या खिशात, हॅमिल्टनच्या नाही. आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी. दौऱ्यावरच्या रोकडीवर खूष असलेला दुसरा गडी असता तर चिडला असता. याने ते मागून घेतलं.

२०१० मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी टेक्सासची टीम प्लेऑफची पहिली फेरी जिंकली. तिथे जिंकल्यावर शॅम्पेनची होळी खेळायची रीत आहे. टीमच्या पोरांनी काय केलं? शॅम्पेन बाजूला ठेवली आणि त्याला जिंजर एलने (आल्याचं बिनदारूचं सोडा-पेय) न्हाऊ घातला. मी टीव्हीसमोर रडलो होतो, बायको अजून चिडवते.

पण गोष्ट इथे थांबवली तर खोटी ठरेल. २००९ मध्ये तो घसरला होता, २०१२ मध्ये पुन्हा, २०१५ मध्ये पुन्हा. सर्वोत्तम खेळाडूचा किताब या घसरणींच्या मधोमध आहे. कमबॅक झाला, आजार तिथेच होता.


रावपुरा_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ९:३०

म्हणजे तुम्ही सगळे मिळून त्याला घरी बसवणार. छान. एक डॉक्टर, एक वकील आणि एक अमेरिका. अहो, आशा नको का माणसाला? टोनी अ‍ॅडम्स! इंग्लंडच्या आर्सेनल फुटबॉल क्लबाचा कॅप्टन, दारू पिऊन गाडी चालवली म्हणून जेलमध्ये जाऊन आलेला. १९९६ मध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की मी दारुडा आहे, आणि १९९८ मध्ये लीग आणि कप दोन्ही उचलले. खेळत होता म्हणून सुटला तो.


आजचा_दिवस | सोमवार, रात्री ११:५५

एक्सप्रेस, अ‍ॅडम्स खेळत होता म्हणून सुटला नाही. सुटला म्हणून खेळत राहिला. पिणं चालू होतं तेव्हाही तो खेळतच होता की, आणि कॅप्टनही होता.

मी ११ वर्षं सोबर आहे. कारेलीबागेत राहतो. मी खेळाडू नव्हतो, तबला वाजवायचो, पण मैफल आणि मॅच यांची नशा सारखीच. दोन्हींत संध्याकाळी टाळ्या संपतात.

पुण्याला मीही राहून आलोय, मुक्तांगणला. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, मराठी घरात बहुतेकांना नाव माहीत असतं. तिथे पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगत फिरायचो की डिसेंबरच्या संमेलनात वाजवणार आहे. एक जुना रुग्णमित्र होता, सोलापूरकडचा, तो रोज विचारायचा, "आणि नाही बोलावलं तर?" मला त्याचा राग यायचा. डिसेंबर आला. नाही बोलावलं. त्या रात्री मी त्याला फोन केला, दुकानात गेलो नाही. तो राग आधीच खर्च झाला होता म्हणून.

काका, तुमच्या बोलरला स्पर्धेची तारीख देऊ नका. दारू सोडणाऱ्याला आम्ही आजच्या दिवसाचं सांगतो आणि तुम्ही त्याला पुढच्या महिन्याची फिक्स्चर्स देताय. निवड झाली नाही, पहिल्या ओव्हरमध्ये २२ गेले, कंबर धरली, यातलं काहीही झालं की त्याच्या डोक्यात हिशेब तयार असतो: मी सोडली आणि मला काय मिळालं? त्याची सोबर राहण्याची किंमत विकेटमध्ये ठरता कामा नये. फॉलोअपला जातो का तो? खेळण्यापेक्षा ते आधी विचारा. बडोद्यातही एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगा होतात. दारूबंदीच्या राज्यात पिणंच गुन्हा म्हणून आपली माणसं डॉक्टरपाशीसुद्धा खोटं बोलतात, त्या खोलीत तेवढं तरी करावं लागत नाही. ज्यांना कुठे जायचं कळत नाही त्यांच्यासाठी १४४४६ हा सरकारी फोन नंबर आहे, फुकट.


कोठीवाली | मंगळवार, पहाटे ५:४५

भाकऱ्या टाकायच्या आधी लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल.

माझा नवरा राज्याकडून टेबल टेनिस खेळायचा. सहा वर्षं झाली सोडून. (दारू. मला नव्हे.) तुम्ही सगळे मुलाबद्दल बोलताय, मी त्याच्या आईबद्दल बोलते. "मैदानावर आहे म्हटलं की झोप लागायची" हे त्या बाईचं वाक्य वाचून मी मोबाइल उपडा ठेवला.

माझी सवय सांगते. याच्या किट बॅगमधली पाण्याची बाटली मी धुवायला काढायचे आणि आधी नाकाशी न्यायचे. सहा वर्षांत एकदाही वास आलेला नाही. परवा क्लबातून आला, आंघोळीला गेला, माझा हात आपोआप बाटलीकडे. तो टॉवेल विसरला म्हणून परत आला आणि बघितलं त्याने. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीपासून बाटली स्वतः धुतो. मला आजपर्यंत कळलेलं नाही की तो रागावला की त्याने माझं एक काम कमी केलं.

त्या आईला पहारेकरी करू नका. तिला झोप लागावी म्हणून मुलाला मैदानावर पाठवायचं आणि त्याने तिच्यासाठी सोबर राहायचं, हे दोघांनाही झेपणारं नाही. नातेवाइकांचेही गट असतात, तिला तिकडे न्या. आणि बॅग त्याची त्याला भरू दे.


स्कोअरर_काका | मंगळवार, रात्री १०:२०

काल रात्री झोप नाही आली. तुम्हाला एक खरं सांगायचं राहिलं होतं.

कॅप्टनला त्याचं नाव मीच सुचवलं होतं. वहिनी ओट्यावर आल्या त्याच्या चार दिवस आधी. मला तो आवाज परत ऐकायचा होता, एवढंच. पोराला मोबाइलवर टेलर दाखवणाराही मीच. घाई त्याला कमी आणि मला जास्त आहे.

१९४७ च्या रणजी फायनलमध्ये हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध ५७७ ची भागी केली ती याच गावात, ५३३ मिनिटं लागली तिला. आमच्या तंबूत नवीन पोरं आली की हा आकडा मी छाती फुगवून सांगतो. आणि मला पाच महिने धीर धरवेना.


पांढरा_चेंडू | बुधवार, दुपारी १:०५

वाचनखूण साठवली. काका, पुढे काय झालं ते लिहा मात्र.


स्कोअरर_काका | चार आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:५०

धागा वर काढतोय.

त्याला कमाटीबागेत फिरायला नेलं आणि तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सगळे म्हणजे धागापालांनी उडवलेले सोडून. हॅमिल्टनवर तो थांबला. जिंजर एलचा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, "काका, हरलो तर घरी कसं यायचं ते मला माहीत आहे. मार खाल्ला तरी जमेल. पण पाच विकेट मिळाल्या तर त्या संध्याकाळचं काय करायचं, ते मला येत नाही. मी एकदाही न पिता जिंकलेलो नाही."

यावर माझ्याकडे काही नव्हतं. आम्ही पक्षी बघत बसलो.

स्पर्धेत त्याचं नाव घातलं नाही. कॅप्टन फुरंगटला, चालायचंच. त्याऐवजी तो स्कोअररच्या तंबूत माझ्या शेजारी बसतो, दुसरं बुक लिहितो. अक्षर माझ्यापेक्षा स्वच्छ. आठवड्यातून तीन दिवस सकाळी नेटमध्ये फक्त चार ओव्हर, डॉक्टरसाहेबांच्या ओळखीच्या फिजिओने मोजून दिलेल्या. पाकिटात चिठ्ठी आहे. गुरुवारी संध्याकाळी तो कुठेतरी जातो, कुठे ते मी विचारत नाही, आजचा_दिवस यांना बहुधा माहीत असावं. वहिनी टिंबं अजून देतात, पण कोठीवालींनी फोनवर काय सांगितलं कोण जाणे, कालनिर्णय आता स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत गेलंय.

एक गंमत सांगतो. मॅच संपली की जिंकलेली टीम गाड्या काढते. कुठे जातात ते बडोदेकरांना सांगायला नको. त्या वेळी आम्ही दोघं बुकांचा ताळा जुळवतो. पहिल्या रविवारी एका रनचा फरक आला. लेग बाय इकडे की तिकडे, शोधता शोधता चाळीस मिनिटं गेली, मैदान रिकामं झालं, मग सापडला. दुसऱ्या रविवारी पुन्हा एकच रन. आज तिसऱ्या रविवारी पुन्हा एक. छत्तीस वर्षांत माझा ताळा असा सलग कधी चुकलेला नाही, आणि ज्याचं अक्षर इतकं स्वच्छ त्याचा तर चुकूच नये.

मी काही विचारलेलं नाही. पेन्सिल घेऊन पहिल्या ओव्हरपासून मोजायला लागतो.

स्पर्धा संपली की पुढच्या रविवारी आपसातली मैत्रीची मॅच आहे. तीन ओव्हर टाकेल म्हणतो, नवा बॉल नको म्हणाला.


रावपुरा_एक्सप्रेस | रविवार, रात्री १०:१०

काका, किती वाजता? मीही येतो. ताळा जुळवायला तिसरा माणूस बसला तर अजून अर्धा तास वाढेल. सेव-उसळ माझ्याकडून, तंबूतच मागवू.


स्कोअरर_काका | रविवार, रात्री १०:१५

साडेआठला टॉस. पेन्सिल घेऊन या, पेन चालत नाही.